रात्रभर वाढवावे

थोरलीने प्लेट उलटी करून उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि पेनाच्या टोकाने एकेका पांढऱ्या ठिपक्यावर खूण करत मोजायला सुरुवात केली. शेवटचा ठिपका अगदी काठाला होता, अर्धा कडेआड दडलेला. दुसरी कोणी असती तर तो सोडूनही दिला असता. थोरलीने तोही धरला. मग सगळ्या खुणा ओल्या बोळ्याने पुसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच आला.

प्लेटवरचं अक्षर धाकटीचं होतं.

"किती आले, ताई?" धाकटीने पलीकडच्या ओट्यावरून विचारलं.

"थांब जरा."

थोरलीने कागदावर एक गुणाकार केला, एक भागाकार केला. उत्तर आवडलं नाही म्हणून ते बदलणाऱ्यातली ती नव्हती.

"शंभरातले अडुसष्ट तगले," ती म्हणाली.

"आणि तुमचे?"

"एक्केचाळीस."

हे सांगताना तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं.

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल," धाकटी म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त कसे येतील?"

ती हे मनापासून म्हणाली, आणि दुखणं होतं ते हेच. टोचून बोलली असती तर तिला पाण्यात पाहणं थोरलीला किती सोपं गेलं असतं.

काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. आतड्याला उपकारक असे जिवाणू असतात. पण तोंडावाटे दिले की वाटेत जठरातलं अ‍ॅसिड लागतं आणि त्यात बहुतेक मरतात. म्हणून त्यांना समुद्री शेवाळाच्या चिकट द्रावणात मिसळायचं, सिरिंजमधून थेंब थेंब चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात सोडायचं. थेंब पाण्यात पडला की त्याचा मणी होतो आणि जिवाणू आत बंद. मग ते मणी दोन तास जठरासारख्या अ‍ॅसिडात, त्यानंतर आतड्यासारख्या पित्तरसात ठेवायचे, शेवटी विरघळवायचे, आणि आतले किती जगले ते प्लेटवर पसरून बघायचं. जगलेल्या प्रत्येकाचा दोन दिवसांत एक ठिपका उठतो. हे मणी पुढे दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना द्यायचे होते, त्यामुळे त्या ठिपक्यांना फार किंमत होती.

थोरली अकरा वर्षं कंत्राटावर होती. दरवर्षी पत्र यायचं, दरवर्षी ती सही करायची. आता बाळांसाठीच्या मण्यांची वेगळी खोली निघणार होती आणि त्या खोलीला एक प्रमुख हवी होती, कायमची. प्रयोगशाळेच्या मॅडमनी दोघींना बोलावून सरळ सांगून टाकलं होतं: सहा आठवडे, दर आठवड्याला एकेकीची एक बॅच. पहिल्या तीन बॅच सरावाच्या, पुढच्या तीन मोजदादीच्या. जिचे मणी जास्त तगतील तिची खोली.

थोरली आणि धाकटी ही नावं भांडी धुणाऱ्या मावशींनी पाडलेली. एका ओट्यावर दोन बायका म्हणजे जावाच की, असं मावशी म्हणाल्या, आणि हसता हसता नावं चिकटली. मोठ्या जावेचा मान थोरलीने गंमत म्हणून घेतला होता. धाकटी येऊन जेमतेम सात महिने झाले होते.

आणि थोरलीचे मणी. ते बघायला दुसऱ्या विभागातली माणसं यायची. सगळे एका मापाचे, गोल, नितळ, मोत्यांच्या सरातून ओघळल्यासारखे. सुई पाण्यापासून किती उंच धरायची, थेंब किती दमाने सोडायचा, हे तिच्या मनगटात मुरलेलं होतं. धाकटीचे मणी म्हणजे बेडकाची पिल्लं. कुणाला शेपूट, कुणाचं पोट चपटं, दोन एकमेकांना चिकटलेले. तिचं तोंड चालू असायचं आणि हात तोंडामागे धावायचा. तरी तिचे अडुसष्ट. पुढच्या आठवड्यात एकाहत्तर, त्याच्या पुढच्यात सहासष्ट. थोरली चव्वेचाळीसच्या वर गेली नाही.

प्रत्येक वेळी मोजणारी तीच होती. प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच प्लेटा ती मोजायची, कारण तिच्या मोजणीवर कुणी बोट ठेवत नसे. एखादा ठिपका न दिसल्यासारखा करणं तिच्या हातात होतं. ते तिच्याने झालं नाही, आणि झालं नाही याचाही तिला राग आला.

दुसऱ्या बॅचची मोजणी झाली त्या दिवशी घरी तिने ताट इतक्या जोरात ठेवलं की नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. तो शाळेची बस चालवायचा; दिवसभर साठ पोरांचा गोंगाट ऐकून त्याला घरातली शांतता लगेच ऐकू यायची.

"पोटात दुखतंय का?" त्याने विचारलं.

"काही दुखत नाहीये."

"दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं ना, ते म्हणतोय मी. त्याच्यावर तुमचे मणी चालतात का?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

"मण्यातलं नाही कळत," तो म्हणाला, आणि भाजी वाढून घेत बसला.

तिला हसू आलं नाही. ती पोरगी सकाळी साडेदहाच्या आत कधी येत नाही, हे त्याला काय माहीत. तिचा नवरा जहाजावर, सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आलेला. त्यांना मान खाली करायला लावून घोट घोट भरवावं लागतं, तासभर जातो, शेजारची बाई दहाला येते तेव्हा ही निघते. मॅडमनी तशी सवलत दिली होती. आणि थोरली? अकरा वर्षं साडेसातच्या ठोक्याला. बस शाळेकडे वळायच्या आधी नवरा तिला फाटकाशी सोडायचा. धुवांधार पाऊस असो, अंगात ताप असो, साडेसात म्हणजे साडेसात. त्याची कुणी सवलत म्हणून नोंद केली नव्हती आणि गुण म्हणूनही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने धाकटीवर नजर ठेवली. सिरिंज तीच. शेवाळाचं द्रावण त्याच बाटलीतलं. अ‍ॅसिड तर थोरलीनेच बनवलेलं. सुईची उंची चुकीची, हात घाईचा. यात गुण कुठे होता?

"तू मणी पाण्यात किती वेळ ठेवतेस?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अर्धा तास. तुम्हीच शिकवलंत ना, ताई."

तिसरी बॅच झाली त्या दिवशी धाकटीचा फ्लास्क ओट्यावर तसाच राहिला होता, तळाशी थोडे जिवाणू उरलेले. धाकटी औषधं घ्यायची म्हणून अर्धा तास लवकर गेली होती. थोरलीने फ्लास्क उचलला, झाकण काढलं आणि हुंगला. आंबट वास नाकात गेला. तिचा स्वतःचा फ्लास्क सकाळी काढताना नुसता धुकट असायचा, ताज्या ताकाच्या निवळीसारखा. हा शिळा होता. जिवाणू तळाशी बसले होते.

तिने त्या उरलेल्यांचे मणी केले, आपल्या हाताने, आपल्या दमाने. गोल, नितळ, एका मापाचे. या बॅचची नोंद तिने कुठेही केली नाही. ती कोणाचीच बॅच नव्हती, असं तिने स्वतःला सांगितलं. पण अकरा वर्षांत न लिहिलेलं असं हे पहिलंच काम होतं.

दोन दिवसांनी ठिपके मोजले. शंभरातले सदुसष्ट.

थोरली स्टुलावर बसली. म्हणजे हात धाकटीचा असो की तिचा, मणी गोल असो की शेपटीवाला, आतल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. लोक बघायला यायचे ते नुसतं रूप होतं. फरक होता तो फ्लास्कमध्ये.

तिने रजिस्टर उघडलं. कृतीच्या पहिल्या पानावर कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं: 'जिवाणू रात्रभर वाढवावे.' रात्रभर म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. दोघींचे फ्लास्क उबेच्या पेटीत जायचे संध्याकाळी साडेपाचला. थोरलीचा बाहेर निघायचा सात चाळीसला. धाकटीचा: दहा पन्नास, अकरा पाच, दहा चाळीस.

एवढंच होतं. थोरलीचे जिवाणू खात्यापित्या घरातून थेट उचललेले, त्यांनी वाईट दिवस पाहिलेला नसायचा. अ‍ॅसिड लागलं की आडवे व्हायचे. धाकटीच्यांचं अन्न तीन तास आधी संपलेलं असायचं. उपाशी, आपल्याच आंबटात बसून ते निबर व्हायचे, आणि पुढचं अ‍ॅसिड त्यांना नवं राहत नसे. धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला उशीर व्हायचा, बस्स.

मॅडमची खोली बारा पावलांवर होती. थोरली उठली, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली. काय सांगायचं आत जाऊन? की अकरा वर्षं मी वेळेवर आले तीच माझी चूक? की ही उशिरा येते म्हणून हिचं खरं? शोध थोरलीचा म्हटला गेला असता, पण तो लागला धाकटीच्या फ्लास्कमध्ये, आणि कौतुक झालं असतं ते दोघींचं मिळून. बरं, गुपचूप आपलाही फ्लास्क अकराला काढावा, तर रजिस्टरात वेळ लिहावी लागणार, आणि सगळ्यांना दिसणार की थोरली आता धाकटीची नक्कल करते. तेवढं करूनही हाती लागली असती नुसती बरोबरी. बरोबरी तिला नको होती.

दुपारी धाकटी डबा उघडून बसली तेव्हा थोरली तिच्यासमोर बसली.

"सकाळी फार ओढाताण होते ना तुझी?"

धाकटीने मान वर केली. असं तिला इथे कुणी विचारलं नव्हतं.

"होते हो. एका हाताने आबांना भरवते आणि डोळा घड्याळावर. घाई केली की त्यांना ठसका लागतो. काल तर रडले ते."

"मग तू कशाला जीव काढतेस? मी असतेच की साडेसातला. माझ्याबरोबर तुझाही फ्लास्क काढून थंड पेटीत ठेवत जाईन. वाढ तिथेच थांबते. तू ये सावकाश, अकराला ये."

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला.

"ताई, तुम्ही खरंच कराल?"

"त्यात काय एवढं. दोन फ्लास्क काय आणि एक काय."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. थोरलीने ते मनातल्या मनात तपासून पाहिलं होतं. साडेसात, सात चाळीस, थंड पेटी, मदत, सगळं खरं. मावशींनी भांडी विसळता विसळता ऐकलं आणि म्हणाल्या, "जाऊ असावी तर अशी." थोरलीने ताटलीतला कण पदराला पुसावा तसा तो शेरा बाजूला केला.

मोजदादीच्या पहिल्या बॅचला धाकटीचे एक्केचाळीस तगले. थोरलीचे बेचाळीस.

आकडा लिहिताना थोरलीला वाटलं होतं की छातीवरचा भार उतरेल. थोडा उतरलाही. दिवसभर ती हलकी होती, संध्याकाळी नवऱ्याला आपण होऊन चहा विचारला. दुसऱ्या दिवशी धाकटी जेवणाच्या सुट्टीत कुठे दिसेना म्हणून शोधायला गेली, तर ती कोपऱ्यातल्या ओट्यावर बसून साध्या द्रावणाचे थेंब पाडत होती. समोरच्या भांड्यात शेपटीवाल्या मण्यांचा खच.

"माझ्या हातातच खोट आहे," धाकटी म्हणाली. "आधीचे तीन नशिबाने आले. तुम्ही एकदा दाखवाल का?"

थोरलीने दाखवलं. तिचं मनगट धरून सुई वर घेतली, बोट कसं दाबायचं ते दाबून दाखवलं. चार दिवसांत धाकटीचे मणी गोल झाले. शिकवायला चांगली आहेस तू, असं थोरलीला कुणी म्हणालं असतं तर ते खरंच होतं. दुसऱ्या बॅचला ते गोल मणी अडतीसवर आले. थोरलीचे पंचेचाळीस होते.

तरी धाकटी चिडली नाही, रुसली नाही. उलट एका सकाळी ती एक उशी घेऊन आली, जुन्या चादरीच्या कापडाची, हाताने शिवलेली.

"मोजताना पाठ दुखते ना तुमची. स्टुलावर ठेवायला."

"कशाला केलंस हे?"

"आता सकाळी वेळ असतो थोडा. आबा जेवून झोपतात, मी शिवत बसते. कालपासून ते माझ्याकडे बघून हात हलवतात, ताई. आधी भरवताना मी कधी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलंच नव्हतं, घड्याळाकडेच बघायचे."

थोरली उशीवर बसली. उशी मऊ होती. खोली हातची जात असूनही या पोरीचा चेहरा असा धुतल्यासारखा कसा, हे तिला कळेना. जिंकत होती थोरली, आणि मावशी धाकटीला वाटी भरून उसळ देत होत्या. मॅडम जाता जाता तिच्याच खांद्यावर हात ठेवून "होतं असं" म्हणत होत्या. हरणाऱ्यालाही एवढं मिळतं, हे थोरलीला माहीत नव्हतं. तिला स्वतःला हरतानासुद्धा कुणी काही दिलं नव्हतं.

तिसऱ्या बॅचला चव्वेचाळीस विरुद्ध चाळीस.

मॅडम सगळं वाचायच्या, फक्त उशिरा वाचायच्या. आठवडाभराने त्यांनी दोघींना खोलीत बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि त्याच्या शेजारी छापलेलं एक पत्र, थोरलीच्या नावाचं, कायमच्या नेमणुकीचं. थोरलीने ते उलटं असूनही वाचलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थोरलीकडे असं पाहिलं, जसं अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"हिच्या पहिल्या तीन बॅच, फ्लास्क निघाला अकराच्या सुमाराला. पुढच्या तीन, सात चाळीसला, सही तुमची. बाकी काहीही बदललेलं नाही. पहिल्या तिन्ही सत्तरच्या आसपास, पुढच्या तिन्ही चाळीसच्या आसपास. मी काल हे समोर ठेवून तासभर बसले होते. 'रात्रभर' म्हणजे किती, हे या इमारतीत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही विचारलंत. मुद्दाम वेळ बदलून तपासून बघितलंत, गाजावाजा न करता. याला म्हणतात काम."

हे वाक्य ऐकायला थोरली अकरा वर्षं थांबली होती.

धाकटी हसली. "नाही मॅडम, तसं नाही ते. मला सकाळी उशीर होतो ना, आबांमुळे. ताईंना दया आली माझी. त्यांनी माझ्यासाठी केलं."

"असं होय?" मॅडमही हसल्या. "मग शोध चांगुलपणातून लागला म्हणायचा. काही का असेना. खोली तुमचीच आहे, आणि आता तिथे फ्लास्क अकराला निघतील. बाळांचं भलं होईल." त्यांनी रजिस्टर फिरवून थोरलीकडे सरकवलं. "फक्त हा शेवटचा रकाना तिन्ही वेळा रिकामा राहिलाय. एकीचा फ्लास्क दुसरीने काढला तर कारण लिहायचं असतं. कारण लिहा, सही करा, शेजारी हिची 'वाचले' म्हणून सही घ्या. की मग मी हे पत्र वर पाठवते."

थोरलीने पेन घेतलं.

"'तपासणीसाठी' लिहा. पुरे तेवढं," मॅडम म्हणाल्या.

"'मदत म्हणून' लिहा, ताई," धाकटी म्हणाली. "खरं ते लिहा."

रकाना अरुंद होता. दोन्हीतला कुठलाही शब्द त्यात नीट बसला असता. थोरलीने पेन टेकवलं आणि तिला बाजूने धाकटीचा चेहरा दिसला, तोच धुतलेला, निर्धास्त. ही आता घरी जाईल आणि म्हाताऱ्याला भरवता भरवता सांगेल की कामावर एक ताई आहे, तिला माझी दया आली. आयुष्यभर सांगत राहील. संकटात कुणीतरी धावून येतं, एवढ्या भरवशावर निवांत झोपेल. अशी ताई थोरलीला कधी कुठे भेटली नव्हती. अकरा वर्षं ताप अंगावर काढून यायची तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की आज तुझा फ्लास्क मी काढते. आणि हिला मात्र ती फुकटात मिळाली होती, तीही थोरलीतूनच.

तेवढं तरी थोरलीला हिच्याकडे राहू द्यायचं नव्हतं. शिवाय रजिस्टरात खोटं लिहायला तिचा हात चालत नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्हींतलं कुठलं कारण मोठं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिने लिहिलं, मोजणीचे आकडे लिहायची तशाच सरळ अक्षरात: 'हिचे मणी माझ्यापेक्षा जास्त तगत होते. फ्लास्क उशिरा निघतो म्हणून तगतात, हे मला कळले होते. तगू नयेत म्हणून लवकर काढला.' शेवटचे दोन शब्द समासात गेले. दुसऱ्या तारखेसमोर तिने लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. तिसऱ्या तारखेसमोर, 'वरीलप्रमाणे'. तिन्ही ठिकाणी सही केली आणि रजिस्टर धाकटीपुढे ठेवलं.

धाकटीने वाचायला सुरुवात केली तेव्हा ती अजून हसत होती. मग ती पहिल्या ओळीवर परत गेली. 'वरीलप्रमाणे' हा शब्दही तिने दोन्ही वेळा बोट ठेवून वाचला, जणू त्यात काही वेगळं निघेल.

"काय लिहिलंय?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि उठून धाकटीच्या मागे जाऊन स्वतः वाचलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. छापलेलं पत्र टेबलावर होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

धाकटीने पेन उचललं. पहिल्या ओळीशेजारी 'वाचले' लिहून सही केली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पेनाला टोपण लावलं आणि ते थोरलीच्या हाताशी ठेवलं.

"उद्यापासून माझा फ्लास्क मी काढीन," ती म्हणाली. ताई म्हणाली नाही. ओट्यावर मणी पाण्यात होते, अर्धा तास होत आला होता, म्हणून ती उठून बाहेर गेली.

थोरली त्या तीन सह्यांकडे बघत बसली. तिन्ही एका मापाच्या होत्या, एकीतही हात हललेला नव्हता. आपण हिच्या जागी असतो तर पान फाडलं असतं, निदान पेन तरी आपटलं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि सगळं लिहून झाल्यावरही, मॅडम डोक्याशी उभ्या असतानाही, तिला त्या सह्यांचा हेवा वाटला.